अठरा किलो चारशे

वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. तीस वर्षं झाली. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, आणि बोललाच तर त्याला खोलून ताळ्यावर आणता येतं, असं मी येईल त्याला ऐकवत असे. हल्ली ऐकवत नाही.

आमच्या कुत्र्याचं नाव मुकादम. नाव बायकोने ठेवलं. मी घाम गाळत काटा खोलून बसलो की हा शेजारी पुढचे पाय रोवून बसायचा आणि देखरेख करायचा. स्वतः इकडची काडी तिकडे करायचा नाही. पांढरा, जाड केसांचा, जात कुठली ते त्याच्या आईला ठाऊक. केस इतके गळायचे की माझी एकही पँट काळी राहिली नव्हती. बायको म्हणायची, "तुम्ही दोघं दारात उभे राहिलात की आधी कोणाला विंचरावं तेच कळत नाही."

तो माझ्याबरोबर प्रत्येक कामावर यायचा, आणि नुसता फिरायला नाही. मोठा काटा दुरुस्त झाला की त्यावर प्रमाण वजनं ठेवून बघायची, हा नियम. तो पाळून झाला की मी मुकादमला काट्यावर बसवायचो. लोखंड गप्प बसतं. श्वास घेणारं वजन गप्प बसत नाही, आकडा दहा-वीस ग्रॅम खालीवर होत राहतो. चांगला काटा तो श्वाससुद्धा दाखवतो. म्हणून मी "थांब, आलोच" म्हणायचो, तो प्लेटवर बसायचा, आणि मी मालकाला आकडा दाखवायला बोलावून आणायचो. परत येऊन "चल, झालं" म्हटलं की तो उतरायचा. त्याआधी नाही. एकदा एका गोदामात मी मालकाशी गप्पा मारत बसलो आणि त्याला साफ विसरलो. पाऊण तासाने धावत गेलो तर स्वारी तशीच बसलेली, दाराकडे तोंड करून. लोक वाहवा करत होते आणि माझी कॉलर ताठ झाली होती.

बाराव्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. चोवीस किलोचं जनावर खंगत खंगत अठरावर आलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या. त्यांच्या दवाखान्यातला जमिनीलगतचा काटा मीच बसवलेला. त्या म्हणाल्या, "काका, पंधरा दिवस काढेल, फार तर महिना. पण त्रासात. तुम्ही ठरवा."

मी गुरुवार ठरवला. त्याचे हाल बघवत नाहीत, असं घरी सांगितलं आणि ते खरंच होतं. पण गुरुवारच का, ते कोणाला सांगितलं नाही. शुक्रवारपासून परगावच्या एका गिरणीतले सगळे काटे तपासायचं आठ दिवसांचं काम होतं. मी नसताना त्याला दिवसातून चारदा उचलून बाहेर कोण नेणार, हा प्रश्न होताच. काम पुढे ढकलता आलं असतं, हेही होतं. मी ते ढकललं नाही.

बायको म्हणाली, "मला नाही जमायचं यायला. तुम्हीच जा. पण शेवटपर्यंत जवळ राहा त्याच्या. डोकं मांडीवर घ्या. एवढं कराल ना?"

"करेन," मी म्हणालो.

दोन दिवस तो उभा राहिला नव्हता. मी त्याला दवाखान्यात उचलूनच नेलं. आतल्या खोलीत ठेवलं आणि त्याला काटा दिसला. तो उठला. पाय लटपटत होते, तरी चालत गेला, प्लेटवर चढला आणि बसला. पुढचे पाय सरळ, मान ताठ. त्याला वाटलं, कामावर आलोय. अठरा किलो चारशे. इंजेक्शन किती द्यायचं ते वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहून घेतला आणि मला पुढच्या खोलीत कागदावर सही करायला सांगितलं. मी सवयीने म्हणालो, "थांब, आलोच."

सही केली. पेन खाली ठेवलं. आतलं दार उजवीकडे होतं, बाहेरचं डावीकडे. माझे पाय डावीकडे वळले. मी गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या आणि समोरच्या भिंतीवरच्या विटा मोजत राहिलो. वीस मिनिटांनी म्हातारा कंपाउंडर पट्टा हातात घेऊन बाहेर आला.

घरी बायकोने एवढंच विचारलं, "मांडीवर होतं ना डोकं?"

"होतं."

"घाबरला?"

"नाही. झोपला."

ती माझे कपडे धुवायला घेऊन गेली. पुढे जो जो फोन येईल त्यावर ती तेच सांगायची. बहिणीला, लेकीला, शेजारणीला. "ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला हो." सांगताना माझ्याकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं. मी पेपरात तोंड खुपसायचो. गिरणीच्या कामावरून आलो आणि पहिल्यांदा कपाटातल्या सगळ्या जुन्या पँटी बोहारणीला देऊन टाकल्या. दोन नव्या घेतल्या. त्या काळ्याच्या काळ्या राहिल्या.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. काटा शून्यावर येत नव्हता. मी कामाचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा तापाचं सांगितलं. त्यांनी दुसरा कारागीर बोलावला, त्याने डिस्प्ले बदलला आणि हात टेकले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "काका, हट्ट नका करू. मांजरं त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी काम कसं करू?"

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा गेलो. कंपाउंडरने दार उघडलं. खोली तीच, टेबल तेच, औषधाचा वास तोच. काट्यावर काही नव्हतं. डिस्प्लेवर १८.४० होतं.

मी तिथेच उभा राहिलो. वजनं विसरण्याची सोय माझ्या धंद्यात नाही.

"किती दिवस हे असं?" मी विचारलं.

"तुमचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," कंपाउंडर म्हणाला. "आणि गंमत सांगू? मोठी कुत्री लांबून जातात. पण परवा एक पिल्लू आलं होतं, ते सरळ काट्यासमोर जाऊन लोळायला लागलं. कोणासमोर, देव जाणे."

मी त्याला पाणी आणायला सांगितलं आणि हत्यारं काढली. कामाला लागलो की भीती पळते, असा माझा आजवरचा अनुभव. पाच किलोचं वजन ठेवलं. तेवीस चारशे. दहाचं ठेवलं. अठ्ठावीस चारशे. म्हणजे काटा बरोबर होता. बिघडलेला काटा असा नेमका हिशेब करत नाही. वजनं काढली, प्लेट उचलून बाजूला ठेवली. शून्य. माझा जीव भांड्यात पडला. आत कचरा नाही, गंज नाही, तारा ठीक. प्लेट परत बसवली. शून्यच.

मग आकडा हलला. आधी सहा. मग अकरा. क्षणभर तिथेच थांबला. मग अठरा चारशे.

आधी पुढचे पाय, मग मागचे. हा क्रम मी बारा वर्षं रोज बघितला होता. मी गुडघ्यांवर होतो आणि तसाच राहिलो. आकडा स्थिर नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. १८.४१. १८.३९. १८.४१. सावकाश, एका लयीत. अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी माझ्यातला कारागीर म्हणत होता की काटा उत्तम चाललाय.

कंपाउंडर पाण्याचा ग्लास घेऊन आला. मी विचारलं, "त्या दिवशी... त्याला टेबलावर घेतलं होतं ना?"

तो घुटमळला. "तुम्हाला सांगणार नव्हतो. तो काट्यावरून उतरेचना. मी बोलावलं, ओढलं, बिस्किट दाखवलं. अंगात जीव नाही, पण पाय असे रोवलेले. दाराकडे बघत होता सारखा. शेवटी बाई म्हणाल्या, राहू दे, तिथेच देऊ. तिथेच दिलं." त्याने चष्मा काढून पुसला. "शहाणं जनावर होतं हो. पार मान खाली जाईपर्यंत बसून होतं."

मी त्याला म्हणालो, "काका, जरा बाहेर थांबता? दार ओढून घ्या." तो गेला.

मला रडू आलं. तोंड दाबून वगैरे नाही, चांगलं हमसून आलं. इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की त्याला काय कळतंय, गुंगीत गेला असेल. तो माझी वाट बघत गेला होता. मीच त्याला थांब म्हटलं होतं, आणि ऊठ म्हणणारा मी गाडीत बसून विटा मोजत होतो. आणि त्याने हुकूम मोडला नव्हता. मेल्यावरही नाही.

मी प्लेटला लागून जमिनीवर मांडी घातली. माझा भार प्लेटवर येणार नाही इतकं अंतर ठेवलं, सवय. "आलो रे," मी म्हणालो. "उशीर झाला. चुकलंच माझं. गुरुवारही मीच काढला होता, माझ्या सोयीचा."

आकडा खाली आला. १७.८०. १७.२०. १६.९०. आणि तिथे थांबला.

दीड किलो कमी. ते गेलं कुठे हे मला डिस्प्ले बघून शोधावं लागलं नाही, कारण माझ्या उजव्या मांडीला ते लागत होतं. दिसत काही नव्हतं. ऊब होती आणि भार होता, कानामागे खाजवायला माझा हात जिथे जायचा, अगदी तिथेच. मी हात उचलला आणि अर्ध्यात थांबवला. हात लावला आणि काहीच लागलं नाही तर, अशी भीती वाटली. तो आकडा मात्र चालू होता, सावकाश, खालीवर. किती वेळ बसलो माहीत नाही. पायाला मुंग्या आल्या. एकदा वाटलं, बोलूच नये. बसून राहावं. दवाखाना उघडेल तेव्हा उघडेल.

पण हाही माझाच स्वार्थ झाला असता. मी घसा साफ केला, आणि जसं प्रत्येक गोदामात, प्रत्येक दुकानात म्हणायचो तसंच म्हणालो, "चल, झालं."

मांडी हलकी झाली. आकडा अठरा चारशेवर गेला. मग अकरा नाही, सात. पुढचे पाय आधी उतरतात तेव्हा मागे तेवढंच उरतं. मग शून्य. मी थांबलो. शून्यच राहिलं. कुठे नखांचा आवाज झाला नाही, दार वाजलं नाही. कंपाउंडर डोकावला आणि म्हणाला, "निघाला का बिघाड?"

"निघाला," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा बायको खिडकीजवळ शर्टाला बटण लावत होती. मी हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि चप्पलही न काढता बोललो, नाहीतर पुन्हा पळवाट काढली असती. "मी आत नव्हतो. सही करून गाडीत जाऊन बसलो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर नव्हतं. तुझ्याशी खोटं बोललो."

ती दोऱ्याला गाठ मारत होती. ती पूर्ण मारली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"त्या दिवशीची पँट मीच धुतली ना. सकाळी इस्त्रीची घालून गेला होतात. शर्टावर केस होते, उचलून नेलंत तेव्हाचे. गुडघ्याखाली होते. मांडीवर एक नव्हता."

"मग सगळ्या जगाला का सांगत सुटली होतीस?"

"तुमच्यादेखत सांगत होते. एकदा तरी तोंड उघडाल, 'अगं, नाही' म्हणाल, म्हणून." तिचा आवाज आता फुटला. "इतके दिवस लागले तुम्हाला. तो बिचारा एकटा गेला, आणि मला तुमच्याबरोबर बसून रडतासुद्धा येईना."

दवाखान्यातलं काही सांगायचा धीर झाला नाही. कोणता शहाणा माणूस ऐकून घेईल? मी नुसता तिच्यासमोर खुर्चीत बसलो. तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि सुई रिळात टोचून ठेवण्यासाठी वाकली. वाकली आणि तशीच राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही पँट नवीन ना? तो गेल्यानंतरची?"

मी खाली बघितलं. उजव्या मांडीवर, काळ्या कापडावर, वीतभर जागेत पांढरे केस होते.

तिने सुई बाजूला ठेवली आणि एकेक केस चिमटीत धरून उचलायला लागली. फेकत नव्हती, डाव्या तळहातावर ठेवत होती. पायाला पुन्हा मुंग्या आल्या, पण तिचं होईपर्यंत मी जागचा हललो नाही.