कचेरीच्या वेळेपुरती

बनुवहिनीला शिलाईचं मशीन मिळालं. पायट्यासकट, लाकडी झाकणासकट मिळालं आणि आमच्या सोप्यात उभं आहे. आता ते मिळालंच नाही असं धरून पुढं वाचा. आमच्या घरात सगळे तसंच धरून चालतात. आईनं त्याच्यावर वाकळ टाकली आहे, वाकळेवर मिठाची बरणी ठेवली आहे, आणि कुणी विचारलं तर बरणीसाठी चौरंग केलाय म्हणून सांगते.

तर मशीन मिळालेलं नाही. शेहेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली आहे. माझा थोरला भाऊ नाथाजी पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला, त्यालाही बराच काळ झाला. लढाई संपली, सगळ्या गावांचे लोक परत आले, आमच्याकडं फक्त निरोप आला की तो बेपत्ता आहे. म्हणजे मेला असंही नाही आणि आहे असंही नाही. वहिनी हातानं चोळ्या शिवायची. तिला मशीन पाहिजे होतं, ते चोळ्या लवकर व्हाव्यात म्हणून नव्हे. हात रिकामे राहिले की तिचे कान वाटेकडं लागायचे, आणि हातशिलाईत हात फार हळू चालतात, असं तिचं म्हणणं.

साताऱ्याला सैनिकांच्या बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला. जागा सरकारची, कापड माधवनगरच्या गिरणीचं, आणि शिकून झालं की मशीन घरी. मी वहिनीला घेऊन कचेरीत गेलो.

कारकुनानं विचारलं, "नवरा हयात आहे का?"

"बेपत्ता हाय," मी म्हणालो.

"हयात असेल तर त्याची सही आणा. मयत असेल तर सहीची गरज नाही. बेपत्ता हा प्रकार तात्पुरता असतो. तात्पुरत्या माणसाच्या बायकोला कायमचं मशीन देता येत नाही." मग तो वहिनीच्या कपाळाकडं बघत म्हणाला, "एकदा ठरवून या."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आईचं नाव रंगूबाई, पण गावात तिला नावानं हाक मारायची कुणाची टाप नाही.

"मशीनसाठी मी माजा ल्योक मारायची न्हाई," ती म्हणाली.

"पुरा कोन मारतंय, आये? आठवड्यातनं पाच दिस मारू. शनवारी उठवू."

मी थट्टेत म्हणालो होतो. आमच्या घरात हाच त्रास आहे, माझी थट्टा ऐकून लोक विचार करायला लागतात. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"सोमवारी न्हाई," ती म्हणाली. "सोमवारी त्येचा उपास असतो."

वहिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंगळवारपास्नं चालंल, आत्याबाई."

असं ठरलं. मंगळवारी पहाटे मी तिला कऱ्हाडच्या मोटार-अड्ड्यावर सोडायचो. तिथं लिंबाखाली ती पदरानं कुंकू पुसायची, मंगळसूत्र काढायची, बांगड्या काढायची, आणि सगळं एका फडक्यात बांधून माझ्याकडं द्यायची. मोटार निघायची. आठवडाभर दादा माझ्या बंडीच्या खिशात जिवंत असायचा. शनिवारी मोटार यायची, फडकं सुटायचं, आणि बाई सवाष्ण होऊन घरी चालायला लागायची. अड्ड्यावरचा चहावाला मला एकदा म्हणाला, "गड्या, ही बाई येताना एक आनि जाताना दुसरीच दिसती." मी म्हणालो, साताऱ्याची हवा. त्याला पटलं.

वर्गात वहिनीच्या शेजारी कऱ्हाडची मदिनाबी बसायची. तिचा नवरा इटलीत गेला होता, आणि तो नक्की गेला होता. वहिनीनं तिला खरं काय ते सांगून टाकलं.

"दर हप्त्याला?" मदिनाबीनं विचारलं.

"दर हप्त्याला."

"मी तर एकदाच बांगड्या फोडून मोकळी झाले. तुला तर बाई लय काम पडतंय." आणि तिनं वहिनीची उसवलेली बाही आपल्याकडं ओढून घेतली.

वर्ग संपला. आता फक्त तपासणी राहिली होती. साहेब घरी येऊन जागा बघणार, बाईची परिस्थिती बघणार, मग मशीन. कधी येणार ते कळवण्याची पद्धत नव्हती.

साहेब संक्रांतीला आले.

सोप्यात घोंगडी अंथरलेली, गल्लीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला जमलेल्या. पुढ्यात सुगडं, त्यात उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे. वहिनी मधोमध बसली होती, मळवट भरल्यासारखं कुंकू लावून. आईनंच लावलं होतं, सणाचं म्हणून जरा जास्त. मी वेशीवरनं पळत आलो.

"जीप आलीया. साताऱ्याचं साहेब."

वहिनीनं पदर उचलला आणि कपाळ पुसलं. सवय झाली होती, तिचा हात आपसूक गेला. पण शेजारची धोंडुबाई म्हणाली, "थांबा गं. हळदीकुंकवात इधवा बाई कशी बसल? सायेब काय खुळा हाय व्हय?"

"मग हिला माळ्यावर घालू?" आईनं विचारलं.

"हिला बगायलाच आलाय त्यो. सगळ्याजणी पुसा."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग पदरांची सळसळ झाली, आणि साहेबांची जीप दारात थांबेपर्यंत गल्लीतले सगळे नवरे संपले होते. नुसती कपाळं राहिली होती. बांगड्या पदराखाली गेल्या, मंगळसूत्रं चोळीत गेली, कुंकवाचा करंडा घोंगडीखाली गेला.

"हिचा म्हातारा कट्ट्यावर बसलाय की," कुणीतरी म्हणालं.

"त्येला उसात घाला."

मी मागच्या दारानं निघालो आणि दिसतील तेवढे नवरे उसात घातले. काहींनी का म्हणून विचारलं. मी म्हणालो, सरकारी काम आहे. तेवढ्यावर गेले. लढाईच्या दिवसांत लोकांना सवय लागली होती.

परत आलो तेव्हा साहेबांनी हॅट काढून हातात धरली होती. साहेब वयानं बरेच मोठे होते, पायात कळ येत असावी. ते एकेका कपाळावरून नजर फिरवत होते आणि कारकुनाला हळू आवाजात विचारत होते, "एवढ्याशा गावात?"

"पलटणीचं गाव आहे, साहेब," कारकून म्हणाला. त्यालाही गहिवरून आलं होतं.

साहेब धोंडुबाईपुढं थांबले. "बाई, तुमचे यजमान?"

"उसात गेलं, सायेब."

"साप?"

धोंडुबाईनं थोडा विचार केला. "आता काय सांगावं," ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. पदराआड ती हसत होती, ते मला दिसत होतं. साहेबांना दिसत नव्हतं.

मग साहेब वहिनीपुढं आले. त्यांनी कागद मागितला नाही, काही नाही. माणसानं माणसाला विचारावं तसं विचारलं, "तुमच्या यजमानांचं नाव काय होतं?"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, तेही दहाजणींनी ढोसल्यावर. वहिनी लग्न होऊन आली त्या दिवशी सुद्धा उखाणा घेताना तिनं नाव इतकं हळू घेतलं होतं की दादानंच पुन्हा मोठ्यानं सांगितलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाथाजी," वहिनी म्हणाली.

उखाणा नाही, काही नाही. शेजारच्या पोराचं नाव घ्यावं तसं घेतलं. आईच्या हातात तिळाच्या वड्यांचं ताट होतं, ते तिनं सावकाश खाली ठेवलं. साहेबांनी मान लववली आणि म्हणाले, "मशीन पाठवतो."

जीप गेली. बायकांनी करंडा फिरवला, एकमेकींना कुंकू लावलं, हसून हसून एकीला ठसका लागला. नवरे उसातनं बाहेर आले, अंग खाजवत होते. करंडा वहिनीकडं आला. तिनं तो घेतला आणि पुढच्या बाईला दिला.

"लाव की गं," आई म्हणाली.

"लावीन, आत्याबाई," वहिनी म्हणाली, आणि सुगडं गोळा करायला उठली.

तिनं लावलं नाही. आई रोज सकाळी करंडा तिच्यापुढं सरकवते. ती तो उचलून कोनाड्यात ठेवते आणि पाण्याला जाते. त्याच संध्याकाळी तिनं मंगळसूत्र आणि बांगड्या फडक्यात बांधून माझ्याकडं दिल्या होत्या; ते फडकं अजून माझ्याच खिशात आहे, मागायला कुणी आलं नाही.

मशीन आलं. ते पहिल्या ओळीत आलं होतं, पण खरं म्हणजे आता आलं. बरोबर हुकूम आला की गाव विधवांचं असल्यानं इथं शिवणाचं केंद्र उघडण्यात येत आहे, आणि साहेब अधूनमधून भेट देतील. गल्लीतल्या बायका खूश झाल्या. नवऱ्यांची मात्र पंचाईत झाली, कारण तोवर ऊस तुटून गेला होता.

आई रानात गेली की वहिनी बरणी खाली ठेवते, वाकळ काढते आणि शिवते. आई परत येण्याआधी वाकळ असते तिथं असते. आईला रानात मशीनचा आवाज ऐकू येतो. ती तसं म्हणत नाही, पण हल्ली ती लांबच्या रानात जाते.

मागच्या महिन्यात मी साताऱ्याला जाऊन कारकुनाला विचारलं, भाऊ परत आला तर काय करायचं.

"मयताची बायको म्हणून मशीन दिलंय," तो म्हणाला. "भाऊ मयत, तर मशीन तुमचं. भाऊ जिवंत, तर मशीन आमचं. दोन्ही नाही मिळत."

मी घरी येऊन वहिनीला तसंच सांगितलं. तिनं दात लावून दोरा तोडला.

"मला दोनी पायजेत, भावजी," ती म्हणाली. "तुमी लिवा."

म्हणून लिहिलं:

मेहेरबान साहेब यांचे सेवेशी. अर्ज करतो की, माझे वडील बंधू नाथाजी यांस कचेरीच्या कामकाजाचे वेळेत मयत समजण्यास आम्हां कुटुंबीयांची हरकत नाही. कचेरी बंद झालेनंतर, तसेच रविवारी व सर्व सणावारी, त्यांस पूर्ववत बेपत्ता समजण्यात यावे. सदर इसम कामकाजाचे वेळेबाहेर घरी परत आल्यास मशीन जप्त करण्यात येऊ नये. वेळेत परत आल्यास त्यांस वेशीवर बसवून पाणी द्यावे, आणि कचेरी सुटताच घरी सोडावे. याप्रमाणे लेखी हुकूम होऊन त्याची एक प्रत बंधूंना, ते असतील त्या पत्त्यावर, रवाना व्हावी, ही विनंती.