डॉक्टर वर आहेत

"ही ओळ कुणी लिहिली?" व्हर्नाने विचारलं.

तिच्या गालावर पावडर फिरवणारी मुलगी थांबली. तिला बिचारीला काय ठाऊक असणार? पुढच्या आठवड्याच्या भागांची पानं आत्ताच कुणीतरी आणून व्हर्नाच्या मांडीवर टाकली होती आणि व्हर्नाचं बोट एका ओळीवर अडलं होतं. स्वयंपाकघरात, कॉफी ओतता ओतता, एडा हॉलिस म्हणते: 'एमेटला जाऊन दहा वर्षं झाली. आता एकटीची सवय झालीय.'

"यात काय चुकलंय?" मुलीने विचारलं.

"एमेट गेलेला नाही," व्हर्ना म्हणाली. "वर आहे. आजारी आहे."

मुलगी नवीन होती. तिने मान डोलावली आणि पुन्हा पावडर घेतली.

व्हर्ना लिंडक्विस्ट 'ऑर्चर्ड लेन' या मालिकेत एडा हॉलिसचं काम करत आली होती, मालिका काळ्यापांढऱ्या रंगात होती तेव्हापासून. रोज दुपारी देशभरच्या बाया इस्त्रीचे कपडे पुढ्यात घेऊन एडाच्या घरात डोकावायच्या. एडा ही गावच्या डॉक्टरची बायको. सूप करायची, शेजारणीची उणीदुणी ऐकून घ्यायची, नवऱ्याचा कोट ब्रशने साफ करायची. न्यूयॉर्कच्या पश्चिम टोकाला, नदीजवळच्या एका जुन्या स्टुडिओत, तेच घर, तेच स्वयंपाकघर, तोच जिना. व्हर्नाच्या क्वीन्समधल्या दोन खोल्यांपेक्षा ते घर तिला जास्त आपलं वाटायचं, आणि यात तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. जागेपणीचे तास तिने तिथेच जास्त काढले होते.

एडाचं नशीब मात्र एडाच्या हातात नव्हतं. ते होतं मुख्य लेखकाच्या हातात. मालिकेत बाकीचे लेखक असतात, ते संवाद लिहितात. पण कोण जगणार, कोण मरणार, कुणाचं कुणाशी जुळणार, हे एकटा मुख्य लेखक ठरवतो. सून नवी आली की सासूची भांडी माळ्यावर जातात, तसं नवा मुख्य लेखक आला की जुन्याची माणसं जायची. पहिल्या होत्या रोझलिन टेपर. या बाईंनी हॉलिस घर उभं केलं. त्यांच्या काळात कुणी मोठ्याने बोलत नसे. एखादं लग्न मोडायला वर्ष जायचं, आणि त्या वर्षात पाहणाऱ्या बाया स्वतःच्या नवऱ्याकडे नीट बघायला शिकायच्या. मग टेपरबाईंना काढून कार्मोडी नावाचे गृहस्थ आले. त्यांनी तळ्याखाली सोनं पुरलं, डॉक्टरची स्मृती घालवली आणि एडाला जुगाराच्या अड्ड्यावर बसवलं. व्हर्नाने तेही केलं. पत्ते पिसायला शिकली. लोकांनी कंटाळून टीव्ही बंद केले तेव्हा टेपरबाईंना हातापाया पडून परत आणलं, आणि त्यांनी पहिल्याच सोमवारी एडाला पुन्हा चुलीपाशी उभं केलं, जणू मधली वर्षं म्हणजे बाईला लागलेली एक डुलकी होती.

आणि या सगळ्यांनी पाळलेली एक रीत होती. ज्याचं काम नसेल त्याला वर पाठवायचं. 'आलोच मी,' म्हणत माणूस जिना चढायचा आणि पुढच्या लेखकाला त्याची आठवण राहायची नाही. एडाची धाकटी लेक लिनी केस धुवायला म्हणून वर गेली, त्याच आठवड्यात कार्मोडी आले. लिनी अजून केस धुते आहे. काही दिवस प्रेक्षकांची पत्रं आली, मग तीही थांबली. वर गेलेला माणूस मेलेला नसायचा. खाली कुणी विचारत नाही तोवर जिवंतच असायचा.

प्रत्यक्षात वर काय होतं? फळ्यांचा एक ओटा. जिना कॅमेऱ्याच्या नजरेपलीकडे गेला की तिथेच संपायचा, पलंग नाही, खिडकी नाही. मागच्या बाजूने उतरायला एक लाकडी शिडी होती, पण ती करकरायची, आणि खाली प्रसंग चालू असताना उतरलं तर तो आवाज माईकमध्ये जायचा. म्हणून वर गेलेल्याने प्रसंग संपेपर्यंत वरच बसायचं. खाली मोकळं झालं की फ्लोअर मॅनेजर ऑगी शिडीवर दोनदा टकटक करायचा आणि ती डगमगू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा.

त्या ओट्यावर दोन घडीची स्टुलं होती. एक व्हर्नाचं, एक लॉईड ब्रँटचं.

लॉईड म्हणजे डॉक्टर एमेट. उंच, जरा पोक काढून चालणारा, घरून संत्री आणणारा. नवराबायकोला एकदम वर पाठवायची लेखकांना फार हौस, त्यामुळे ही दोघं तिथे तासन्तास बसायची. कुजबुजत बोलायची. व्हर्नाचा घटस्फोट झाला तो सगळ्यांत आधी लॉईडला कळला, त्या ओट्यावर. लॉईडचा मुलगा लढाईहून परत आला पण बोलेनासा झाला, ते व्हर्नाला कळलं, त्याच ओट्यावर. बोलायला काही नसलं की तो संत्रं सोलायचा, आवाज न करता, आणि अर्धं तिच्या हातात ठेवायचा. टकटक झाली की आधी व्हर्ना उतरायची, मग लॉईड. शुक्रवारी संध्याकाळी तो न्यू जर्सीची गाडी पकडून बायकोकडे, कॉनीकडे जायचा. व्हर्नाने या गोष्टीला कधी नाव दिलं नाही. मी देतो. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते त्या फळ्यांवरून कधी खाली उतरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वसंतात लॉईड वारला. न्यू जर्सीच्या चर्चबाहेर मालिका पाहणाऱ्या बायांची गर्दी झाली होती. एकीने व्हर्नाचे हात धरले आणि म्हणाली, "कसं सोसताय हो तुम्ही?" तिच्या मागून दुसरी, तिसरी. कॉनी दोन हातांवर काळ्या टोपीत उभी होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने पर्समधून रुमालसुद्धा काढला नाही. रडायचा हक्क कॉनीचा होता.

तिने मनाशी म्हटलं, थांबू या. एमेट मरेल. मरणारच, दुसरं काय करतील? मग एडाला काळा पोशाख मिळेल, सेटवर चर्च उभं राहील, आणि तिथे ती पोटभर रडेल. कॉनीचं काहीही न घेता.

पण टेपरबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "माणसं पुरून पुरून थकले मी. एमेटला मी मारणार नाही. डॉक्टर वर आहेत, अंथरुणाला खिळलेत, बस्स." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या वाजल्या. व्हर्नानेही वाजवल्या. तेव्हापासून एडा सुपाचं तबक घेऊन जिना चढत होती, आणि वर दोन स्टुलांमध्ये ते तबक ठेवून टकटक होण्याची वाट पाहत होती.

पुढे टेपरबाई दुसऱ्यांदा मालिका सोडून गेल्या, या खेपेस कायमच्या. त्यांच्या जागी ग्लेन स्ट्रिक आला. रात्रीच्या मालिका लिहून आलेला, चाळिशीही न गाठलेला, वागायला अगदी गोड. खोटं कशाला बोला, माणूस वाईट नव्हता. व्हर्ना पानं घेऊन त्याच्या खोलीत गेली तेव्हा तो उठून उभा राहिला, स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली.

"आवडलं ना?" तो म्हणाला. "तुमच्यासाठी मुद्दाम नवा माणूस आणलाय. विधुर आहे, स्वतःचं हॉटेल आहे. तुम्ही घर विकून त्याच्या शेजारी राहायला जाता. आठवड्यातनं एक दिवस काम होतं तुम्हाला, आता तीन दिवस मिळेल. या वयाच्या बाईचं प्रेम दाखवायला कुणी धजत नाही हो."

"पण मला नवरा आहे," व्हर्ना म्हणाली.

"कुठे?"

"वर."

स्ट्रिक हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "पण ते तर वारले ना?"

"लॉईड वारला. एमेट वर आहे. दोन वर्षं मी त्याला सूप नेतेय."

त्याने कपाळाला हात लावला. आपल्याला हे कुणीच सांगितलं नाही, असं तो पुटपुटला, आणि ते खरंही असावं. जुनी माणसं निघून गेली होती आणि मागचे सगळे भाग बघत बसायला कुणाला वेळ आहे? व्हर्नाने खुर्ची पुढे सरकवली. आयुष्यात तिने कुठल्या लेखकाकडे काही मागितलं नव्हतं.

"मग त्याला आता मारा," ती म्हणाली. "मला एक दिवस द्या. चर्च नको, काही नको. मी तबक घेऊन वर जाते, आणि खाली येऊन सांगते की गेला. एवढंच."

स्ट्रिकने समजुतीच्या सुरात सांगितलं की आज मारला तर तो कालपर्यंत जिवंत होता हे कबूल करावं लागेल. मग लोक विचारतील, नातवाच्या बारशाला का नाही उतरला, घराला आग लागली तेव्हा कुठे होता? आणि नवरा गेल्या आठवड्यात गेलेला असताना बाई दुसऱ्याला कॉफी कशी पाजते? दहा वर्षं झाली म्हटलं की सगळे सुटतात. "लोकांना सहा महिन्यांपलीकडचं आठवत नाही, व्हर्ना," तो म्हणाला.

"मला आठवतं," व्हर्ना म्हणाली.

"मला कळतंय. पण मलाही वरून दट्ट्या आहे. तरुण पोरी आल्या नाहीत बघायला, तर पुढच्या वर्षी या खुर्चीत मी नसेन, आणि ही मालिकाही नसेल."

तो तिच्या पोटावर पाय देत नव्हता, उलट ताट वाढत होता. ती उठली, पानं घेतली, दार हलकेच ओढून घेतलं.

संध्याकाळी तिने टेपरबाईंना फोन केला. त्या आता भाचीकडे असत, कानाला कमी ऐकू येई. व्हर्नाने झालं ते सांगितलं.

"दहा वर्षं?" टेपरबाई ओरडल्या. "अगं, मी त्याला तुझ्यासाठी जिवंत ठेवला होता. तुम्ही दोघं त्या फळ्यांवर बसलेली मला दिसायची ना. म्हटलं, या पोरीच्या हातून हेही काढून घ्यायला नको."

म्हणजे बाईंना सगळं कळलं होतं, आणि कळूनही उलटं कळलं होतं. तिला रडायचं होतं आणि त्यांनी तिला तबक दिलं होतं. पण ऐंशीला टेकलेल्या बाईला हे सांगून काय मिळणार होतं?

"बरं केलंत," ती म्हणाली. "मला फार बरं वाटलं."

पुढच्या आठवड्यात प्रसंग झाला. हॉलिस घरातला तो शेवटचा. दुपारनंतर कामगार सेट मोडणार होते, तिथे हॉटेल उभं करायचं होतं. भिंतींशी हातोड्या आणि पहारी आणून ठेवलेल्याही दिसत होत्या. नव्या नटाने टेबलाशी बसून विचारलं, फार दिवस एकट्या राहता का? व्हर्नाने कॉफी ओतली. "एमेटला जाऊन दहा वर्षं झाली," ती म्हणाली. "आता एकटीची सवय झालीय." मग ती जराशी हसली, कारण कंसात तसं लिहिलं होतं.

"कोट घेऊन येते वरून," एडा म्हणाली आणि जिना चढली.

खाली कॅमेरा अजून चालू होता. नव्या माणसाला एकट्याने घरभर फिरून, चुलीवर हात ठेवून, बाईच्या आयुष्याचा अंदाज घ्यायचा होता. चांगला लांबलचक प्रसंग होता तो. व्हर्ना आपल्या स्टुलावर बसली. दुसरं स्टूल भिंतीला टेकून मिटलेलं होतं. तिने ते उघडलं आणि शेजारी मांडलं.

मग ती रडली. चेहरा दोन्ही हातांत घेऊन, खांदे हलवत, हुंदका घशात दाबून. बिनआवाजी राहायचं कसं हे ती याच फळ्यांवर शिकली होती. खाली चिनीमातीचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला, नव्या नटाची पावलं दाराकडे गेली, आणि माईकने वरचं काहीही पकडलं नाही. तेवढा वेळ एडा हॉलिस विधवा होती आणि व्हर्नाही.

"कट," खालून कुणीतरी ओरडलं. "एकदम सहज, व्हर्ना. सुरेख."

शिडीवर दोनदा टकटक झाली. व्हर्नाने रुमालाने डोळे टिपले, स्कर्ट सारखा केला, आणि पाठमोरी होऊन एकेक पायरी उतरू लागली. खाली ऑगी शिडी दोन्ही हातांनी धरून उभा होता. ऑगीचे केस आता पार पांढरे झाले होते. तिच्या चेहऱ्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. ती जमिनीवर उतरली, बाजूला झाली. कामगार पहारी उचलून आत येऊ लागले होते.

ऑगीने शिडी सोडली नाही. मान वर करून, हात तसेच घट्ट ठेवून, दुसरं माणूस उतरायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो तिथे उभा राहिला, आणि मग त्याने हात काढले.