हळू आवाजात

"हळू बोला, रुपरावजी," समुपदेशक सरिताताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

रुपरावाच्या मते तो हळूच बोलत होता. पण कामठीत बावीस वर्षं पॉवरलूम चालवलेल्या माणसाचं हळू म्हणजे बाकीच्यांचं भांडण. त्या खडखडाटात बाजूच्याला नुसती हाक मारायची तरी छाती फोडून ओरडावं लागायचं. तोच आवाज संध्याकाळी घरी यायचा. त्यानं मीठ मागितलं तरी शेजारी दारात येत.

पण सगळं खापर लूमवर फोडून कसं चालेल? लूम बंद पडले आणि तो आठ महिने घरी बसला, तेव्हा तो खरंच ओरडत होता. एकदा भरलं ताट भिंतीवर फेकलं. लेक अपेक्षा तेव्हा नऊ वर्षांची होती. बायको जयवंता लेकीला घेऊन कुहीला भावाकडे गेली, त्याला दोन वर्षं झाली. आता रुपराव नागपूरला मिहानमध्ये एका कंपनीच्या गेटवर पहाऱ्याला उभा असतो आणि महिन्यातून एकदा बर्डीतल्या या समुपदेशन केंद्रात लेकीला भेटतो. आज त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीतले आठ दिवस मागायचे होते. निर्णय अपेक्षाचा, असं ताईंनी ठरवलं होतं.

त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि जवळजवळ कुजबुजला, "आठ दिवस येतं का वं माय, माह्या घरी?"

अपेक्षानं आईकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहतं? तुले इचारून राहिले ते," जयवंता म्हणाली. नवऱ्यावर राग धरून धरून ती थकली होती. लेकीचा बाप तोडायचा तिच्या मनात नव्हता.

"तुम्ही ओरडणार नाही ना, बाबा?"

"नाही वं. शप्पत."

"मंग येईन. सोमवारी."

रुपरावाला रडू आलं. त्यानं ते लपवलंही नाही.

तो दोघींना बसस्टँडवर सोडायला गेला. कुहीची गाडी लागलेलीच होती. अपेक्षा खिडकीशी बसली. गाडी हलली तसा तिनं हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि बापाला हलवून दाखवू लागली. तेवढ्यात मागून दुसरी बस त्याच बाजूनं घासून पुढे येताना रुपरावाला दिसली.

"अपेक्षा! हात आत घे!"

सगळा स्टँड वळून बघू लागला. हात आत गेला आणि बस खिडकीला खेटून निघून गेली. तिच्यामागून अपेक्षा पुन्हा दिसली. तिचं बसकडे लक्षच नव्हतं. ती खांदे आवळून बापाकडे बघत होती, आईच्या कुशीत शिरत. जयवंतानं काच ओढून घेतली. गाडी फाटकाबाहेर पडली.

सोमवारी ती येणार नाही, हे रुपरावाला तिथंच कळलं.

"हात गेला असता गा तिचा," तो शेजारच्या केळीवाल्याला म्हणाला.

"काय म्हन्ता?" केळीवाल्यानं कान पुढे केला. "जोरात बोला ना गा. ऐकू नाही येऊन राहिलं."