कवळी आणि कवायत

या, अशा जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरका, कारण गोष्ट एका बहिऱ्या माणसाची आहे आणि ती ओरडून सांगायची माझी इच्छा नाही. घरात त्याच्याशी सगळे ओरडूनच बोलत. आपण तरी हळू बोलू.

रागाची गोष्ट आहे बरं का. राग वाईट असं आपण लेकरांना शिकवतो. पण माणसाला घडवताना देवाने त्यात रागही घातलाच ना? देवाच्या हातची वस्तू मुळात वाईट कशी असेल? तिचं तोंड कुणीकडे वळलंय, एवढंच बघायचं.

तर हा माणूस तोफखान्यातून निवृत्त झालेला. तोफ डागणाऱ्याला आपल्या भाषेत जुना, भारदस्त शब्द आहे, गोलंदाज. गल्लीने त्याला तेच नाव ठेवलं. नवीन पोरं विचारायची, "काका, तुम्ही फास्ट टाकायचात की स्पिन?" आणि तो चिडायचा. उंच, ताठ, मिशीला पीळ. डावा कान तोफेने खाल्लेला. उजवा अर्धामुर्धा शिल्लक. पण ऐकू येत नाही हे कबूल करेल तर तो गोलंदाज कसला? समोरचा काही बोलला की मान डोलवायची, "वा" म्हणायचं आणि पुढे जायचं. त्या एका "वा"वर त्याचा संसार चालला होता. आणि पोट चालत होतं औषधांच्या एका गोदामाच्या फाटकावर. ट्रक आला की आडवा दांडा वर करायचा, ट्रक गेला की खाली.

त्याला एकुलती एक मुलगी. उंचीला बापावर गेलेली, जिभेला आईवर. ती सैन्याच्या भरतीत पास झाली, आणि कोणतं काम हवं ते सांगायला तिला कार्यालयात बोलावलं. संध्याकाळी घरी आली ती पळतच. बाप जेवायला बसलेला. ती बसली नेमकी त्याच्या डाव्या हाताला, आणि आई मोरीत नळ सोडून भांडी विसळत होती.

"बाबा, मला कवळीचं काम मिळालं," ती म्हणाली.

बापाने ऐकलं, कवायतीचं.

"वा," तो म्हणाला, आणि ह्या खेपेला ते "वा" खोटं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. पोरीला वाटलं, बापाने समजून घेतलं. वाटभर विचार करकरून ती उत्तरं जुळवून आली होती, त्यातलं एकही लागलं नाही. तिचेही डोळे भरून आले. बघा, दोघंही सुखात, आणि सुख वेगवेगळ्या गोष्टीचं.

पुढचा आठवडा गोलंदाजाने गल्लीत नुसता नगारा वाजवला. "मोठमोठ्या बाप्यांना डावा-उजवा करायला लावणार माझी लेक." गोदामाच्या मुकादमाला सांगितलं, वाण्याला सांगितलं, दुधवाल्याला तर दोनदा सांगितलं. शेवटी न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गालांना फेस लावून घेत तेच सुरू केलं.

न्हावी वस्तरा चालवता चालवता थांबला. "गोलंदाज, कवायत कुठली? कवळी."

"काय?"

न्हाव्याने उजव्या कानाशी तोंड नेलं. "कवळी. दात. खोटे दात. माझ्या बायकोला तुमच्या लेकीनेच सांगितलं. सैन्यातल्या दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवणार ती. चांगलंच आहे की. आता शत्रू आला तर आपले जवान चावायला तयार."

बाकावर बसलेली माणसं हसली. वाईट मनाने नाही हसली, पण हसली. गोलंदाज उठला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, गळ्यात न्हाव्याचं फडकं, तसाच भर रस्त्याने घरी.

"कवळी?" तो दारातूनच गरजला.

मुलगी कपडे घडी करत होती. त्याचा अवतार बघून आधी तिला हसू आलं, मग त्याचे डोळे दिसले.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला. तुम्ही 'वा' म्हणालात."

"मी कवायतीला म्हणालो."

आई मोरीतून हात पुसत बाहेर आली. "किती वर्षं सांगतेय, कानाचं यंत्र घ्या. नाही. मिशीला शोभत नाही म्हणे."

"तू मध्ये पडू नकोस. तोफखान्यातल्या माणसाची पोर, आणि म्हाताऱ्यांच्या जबड्यात हात घालणार?"

"जबड्यात नाही घालायचा हात," मुलगी म्हणाली. ती दंतवैद्याकडे संध्याकाळी झाडलोट करायला जायची, तिथेच तिने हे बघितलं होतं. मेण तापवून मऊ करायचं, त्यात एकेक दात बसवायचा, साच्यात प्लास्टर ओतायचं. एकदा एक म्हातारी नवी कवळी घालून आरशापुढे उभी राहिली आणि स्वतःलाच लाजली. ते ह्या पोरीच्या मनात घर करून बसलं होतं. "मी तिथे एकच प्रश्न विचारला, बाबा. सुटल्यावर हातात काय राहील? त्यांनी कामं वाचून दाखवली. रडार म्हणाले, ते घरी काय कामाचं? रणगाडा म्हणाले, तो काय भाजी आणायला नेऊ? कवळ्या म्हणाले, तेव्हा मी हात वर केला. दात सगळ्यांचे पडतात."

"नोकरी धरायच्या आधी सुटायच्या गोष्टी. लाज वाटत नाही? तोफ चालव. माणसं नाव काढतील."

"तुमचं काढतात?"

आई म्हणाली, "अगं, पुरे."

पण पोरगी थांबली नाही. वळून ती बापाच्या उजव्या बाजूला आली, म्हणजे ह्या वेळी चूक व्हायला नको. "मला तुमच्यासारखं व्हायचं नाही. उमेदीची सगळी वर्षं द्यायची, आणि परत येऊन दुसऱ्याचं फाटक धरून बसायचं. मला नाही व्हायचं तसं."

हे मात्र त्याला एका फटक्यात ऐकू आलं. देवाची करणी अशी आहे, बाबांनो. मायेचा शब्द दहादा सांगावा लागतो, आणि झोंबणारा बहिऱ्यालाही पहिल्याच खेपेला कळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामं पक्की व्हायची होती. तोवर बदल करता येत होता. गोलंदाजाने जुना कोट घातला, छातीवर पदकं लावली आणि कोणाला न सांगता भरती कार्यालय गाठलं. तिथल्या टेबलावर त्याचा जुना सोबती होता, एकाच तोफेवर खांद्याला खांदा लावून राबलेला. तोही ताडमाड, म्हणून त्याला सगळे लांब्या म्हणत. तो अजून वर्दीत होता.

"अरे गोलंदाज, पदकं-बिदकं लावून? लग्न आहे का कुणाचं?"

"पोरीचं काम बदलायचंय. कवळ्या काढ, तोफखाना घाल."

"तिने सही केलीय रे."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

लांब्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि गोलंदाजाच्या उजव्या कानाशी वाकला. "तुझ्यासाठी करतो. तिला सांगतो, कवळ्यांच्या जागा भरल्या. पोरं बिचारी विश्वास ठेवतात. दोन दिवस रडेल, मग रुळेल. उंचीला कशी आहे?"

"माझ्या कानाला लागते."

"मग झालं की. उंच, तोफखाना." त्याने पेनाचं टोपण काढलं.

उंच, तोफखाना. हे दोन शब्द गोलंदाजाने आधी कुठे ऐकले होते? तो कोवळा पोरगा होता तेव्हा, अशाच एका कार्यालयाच्या आवारात. भिंतीवर खडूने एक रेघ ओढलेली होती. पोरं एकेक करून भिंतीला पाठ लावून उभी राहत. डोकं रेघेच्या वर गेलं, तोफखाना. खाली राहिलं, मोटारींचा कारखाना. लांब्या आणि तो, दोघांची डोकी वर गेली. त्यांच्या मागे एक बुटका होता. तोफ मिळाली नाही म्हणून तो ढसाढसा रडला, आणि हे दोघे त्याला हसले. तो बुटका इंजिनं खोलायला शिकला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि गोदामाचे ट्रक दुरुस्त करायला तो येतो तेव्हा गोलंदाज दांडा वर करून त्याला आत सोडतो. बुटका गाडीतून हात करतो. भला माणूस आहे, कधी उणा शब्द बोलला नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

"आणि सुटल्यावरची काळजी करू नकोस," लांब्या कागद पुढे ओढत म्हणाला. "फाटकावर उंच माणूसच लागतो. तुला मिळालंच की. तिलाही मिळेल एखादं."

तो हे चेष्टेने बोलला नाही. धीर द्यायला बोलला. तेच वाईट होतं.

गोलंदाजाने पंजा कागदावर ठेवला. "लांब्या, आपल्याला कुणी विचारलं होतं का रे?"

"काय विचारलं होतं?"

"तुला काय येतं. तुला काय करायचंय. परत आल्यावर काय खाशील."

"वेडबिड लागलं का? शिपायाला कोण विचारतं?"

"हिला विचारलं. हिने सांगितलं. आणि मी पुसायला आलो."

"तूच आलास. मी बोलावलं नव्हतं."

"मी आलो ते माझं गाढवपण. पण तू पेन उघडलंस. जागा भरल्या म्हणून तिच्या तोंडावर खोटं सांगणार होतास. अशा किती जणांना सांगितलंस?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. बाहेर ओसरीत बाकांवर पोरंपोरी बसली होती, त्यांनी एकेक शब्द ऐकला. लांब्या दातओठ खात म्हणाला, "हळू बोल, भरती बिघडवशील."

"बिघडू दे." गोलंदाज दार उघडून ओसरीत गेला. सगळी लेकरं त्याच्या पदकांकडे बघत उठून उभी राहिली. "बसा. मला बघून उठू नका. आत गेलात की विचारा, सुटल्यावर हातात काय राहील. विचारल्याने कुणी भित्रा होत नाही. मीही तोफेवर छाती काढून उभा होतो, त्याची मला लाज नाही. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. रेघ कुणी मारली आणि कुठे मारली, ते बघा."

लांब्याने त्याला दंडाला धरून पायरीपर्यंत आणलं. तिथे दोघेही क्षणभर थांबले. एकाच तोफेची माणसं. "आता परत येऊ नकोस," लांब्या म्हणाला.

"तुझा कान कसा आहे?" गोलंदाजाने विचारलं.

"काय म्हणालास?" लांब्या म्हणाला.

घरी मुलगी वाट बघत होती. लांब्याचा फोन आधीच येऊन गेला होता.

"तुम्ही मला न विचारता गेलात."

"गेलो."

"बदललं?"

"नाही. कवळीच आहे."

"का नाही बदललं?"

"तिथला माणूस गाढव निघाला."

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्याच तोफेवरचा."

आईने पदर तोंडाशी धरला, पण मुलगी हसली नाही. माझं आयुष्य तुम्ही पेनाच्या एका फटक्यात पुसायला निघालात, ती म्हणाली, हे मी विसरणार नाही.

"विसरू नकोस," तो म्हणाला. "आणि तू काल बोललीस ते मला झोंबलंय. ते जायचं नाही."

"मी ते मागे घेणार नाही, बाबा."

"घेऊ नकोस. खरं आहे ते. म्हणून तर झोंबलं."

मग तो सगळा दिवस घरात फक्त भांडी बोलली. तीही जोरात.

मुलगी गेली, तिचं काम शिकली. तिचा हात चांगला बसलाय असं ऐकतो. गोलंदाजाचा राग काही उतरला नाही, आणि मी म्हणतो, उतरूही नये. फक्त आता त्याचं तोंड घराकडे नाही. कुणाचं पोर भरतीला निघालं की हा त्याला वाटेत गाठतो आणि तो एक प्रश्न पाठ करून घेतो. आईबाप कुरकुरतात. हा कुणाचं ऐकत नाही, आणि ह्या बाबतीत कानाचा दोष नाही.

तेव्हा मायबापहो, उठायच्या आधी एवढं करा. देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या लेकरांसाठी मागाल ते मागाच, पण त्या दुसऱ्याचीही आठवण ठेवा, त्या लांब्याची. तो अजून त्या टेबलापाशी बसलाय, त्याचाही कान गेलाय, आणि त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.