मागच्या खोलीतली जपानी रिळं

आत्याच्या जपानी रिळांना घरात कुणी सिनेमा म्हणायलाच तयार नव्हतं. ना गोष्ट, ना गाणं, ना धड माणूस! दिवसभर ती दातांच्या कवळ्या घडवायची आणि उरलेला जीव या रिळांत ओतायची. कुणी नावं ठेवली की तिचं उत्तर ठरलेलं. "तुम्हाला कळत नाही म्हणून ते टाकाऊ होत नाही."

तिच्या भावाला, दादाला, रिळं ठेवलेली मागची खोली व्यायामाच्या यंत्रासाठी हवी होती. शेवटी त्याने अट घातली. रविवारी एक रीळ सगळ्यांना दाखव. तुझ्याशिवाय एक जण जरी शेवटपर्यंत बसला तरी खोली तुझी, नाहीतर सगळं भंगारात. आत्या कसली ऐकतेय! तिने सर्वांत लाडकं रीळ बाहेर काढलं. कुणा जपानी बाईने कॅमेऱ्याला हातही न लावता, कोऱ्या फितीवर कुंचल्याने शाईचे ठिपके देऊन केलेलं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता दादाची बायको, वहिनी, म्हणजे स्वच्छतेचा अवतार. चारचौघांत नणंदेचं हसं होऊ नये म्हणून तिने आदल्या दुपारी ती फीत हातभर हातभर उलगडून ओल्या फडक्याने पुसून काढली. केवढे डाग पडलेत बाई, असं पुटपुटत.

रविवारी दिवे मालवले, यंत्र घरघरलं आणि भिंतीवर नुसता पांढरा उजेड. ठिपका म्हणून नाही.

"मीच पुसली, ताई," वहिनी कौतुकाने म्हणाली. "लख्ख झाली ना?"

दादा फिदीफिदी हसला, आता बघायला उरलंय काय, बंद कर म्हणाला.

"फीत अजून चालू आहे," आत्या म्हणाली. "यंत्राला हात लावून तर बघ."

दादाची मुलं उठून गेली. आत्या डोळे न पुसता भिंतीकडे बघत राहिली. तेवढ्यात तिथे एक भलामोठा अंगठा चमकून गेला. बारीक रेघांचा, मधोमध आडवा व्रण. थोड्या वेळाने पुन्हा तोच. वहिनीने जिथे जिथे फीत धरली होती, तिथे तिथे.

वहिनीने सुरीने कापलेला आपला अंगठा उजेडात धरून पाहिला. आपण काय पुसून बसलो ते तिला आत्ता उमगलं. दादा दारातून म्हणाला, चल, ऊठ.

"अहो, तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाली. "माझं बघून व्हायचंय."

फितीचं टोक फडफडेपर्यंत दोघी बसून राहिल्या. आत्याचा राग काही गेला नव्हता. पण खोलीची किल्ली तिने दादाच्या डोळ्यांदेखत कमरेला खोचली.