शेऱ्याचा रकाना

पाठवलेली यादी सगळ्यांच्या फोनमधून परत कशी काढायची, हे सुलेखाताईंना सापडेपर्यंत गटातल्या निम्म्याअधिक पालकांनी ती उघडली होती. त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. तो तसाच थरथरत राहिला.

संभाजीनगरात, पुंडलिकनगरातल्या पहिल्या मजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वधू-वर केंद्र होतं. स्थळांच्या नोंदींचा डॅशबोर्ड भाच्याने, ऋतुराजने, करून दिला होता. निरोप मिळताच तो आला, संगणकावर यादी उघडून ती उजवीकडे सरकवत गेला आणि शेवटच्या रकान्याशी थांबला.

"आत्या, शेरे पण गेलेत."

"हो."

"रकाने निवडायची सोय केली होती ना मी? जे बाहेर जाऊ द्यायचं, तेवढ्यापुढंच खूण करायची. तूच तर मागे लागली होतीस."

"वरती 'सगळे निवडा' होतं," सुलेखाताई म्हणाल्या. "घाईत तेच दाबलं."

ऋतुराज पुन्हा पडद्याकडे वळला. तो शेरे वाचत होता. नाव, वय, शिक्षण, नोकरी हे पालकांसाठी. शेरा फक्त ताईंसाठी. माणूस उठून गेला की त्याच्याविषयी जे ध्यानात ठेवायचं ते त्या तिथे लिहून ठेवत. 'मुलगा आईच्या मुठीत.' 'पगार सांगतात तेवढा नाही.' 'मुलगी देखणी, पण तोंडाळ.' लिहिताना ही कामाची टिपणं वाटत. भाचा वाचत असताना त्यांना ती नुसती कुचाळकी दिसू लागली. त्या उठल्या आणि गरज नसताना पाण्याचा माठ भरत बसल्या.

दिवसभर माणसं फोनवरून बोलली. कोणी शिव्या दिल्या, कोणी नोंद काढायला सांगितली, आणि एकजण तर दुसऱ्यांचे शेरे वाचून खो-खो हसला, ते सगळ्यात जास्त लागलं. वैजापूरच्या रत्नमालाच्या घरून मात्र फोन आला नाही. संध्याकाळी फक्त एक निरोप आला. 'ताई, घरी येऊ शकाल का? फोनवर नको. रत्नमाला.'

"जाऊ नकोस," ऋतुराज म्हणाला. "सगळ्यांना मिळून माफी मागू, गटावरच."

दुसऱ्या दिवशी सुलेखाताईंनी वैजापूरची एसटी धरली.

रत्नमाला तिथल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. डाव्या हाताच्या पंजावर कोड होतं. नोंदणीच्या दिवशी तिने तो हात टेबलावर ठेवून स्वतःच सांगितलं होतं, "हे आधीच लिहा ताई. मागून कोणी फसवलं म्हणायला नको." तिचे वडील कडुबा, ज्यांना ती दादा म्हणे, कांद्याच्या आडतीवर मापाडी होते. त्या दिवशी ते शेजारी टोपी चुरगाळत गप्प बसून होते. मायलेकी खाली रिक्षात जाऊन बसल्यावर मात्र ते एकटेच जिना चढून परत आले. "पोरीम्होरं बोलता येत नाय," ते दारातूनच म्हणाले होते. त्यांनी जे सांगितलं ते ताईंनी ते बोलत असतानाच उतरवून घेतलं होतं. "हे माझ्यापाशीच राहील," असंही वर म्हटलं होतं.

घरात तिघंही होती. रत्नमालाच्या आईने, केसरबाईंनी, सतरंजी अंथरली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. कडुबा उभेच होते. त्यांनी ताईंकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, धास्ती होती.

रत्नमालाने फोन पुढे केला. वाचायची गरज नव्हती. 'डाव्या हातावर कोड. कोणी बी चालंल, बिजवर असला तरी.'

"कोडाचं काही नाय," ती म्हणाली. "ते मीच लिहायला लावलं होतं. त्याच्या पुढचं कोणी सांगितलं?"

कडुबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"कोणी नाही," सुलेखाताई म्हणाल्या. "माझ्याच मनानं लिहिलं. मुलीचं वय वाढलं की मी असं लिहून ठेवते. चूक झाली."

जीभ अडखळली नाही, कारण यात खोटं फारसं नव्हतं. कडुबांचे शब्द उतरवून घेतल्यापासून त्यांनी या घराकडे एकही बरं स्थळ पाठवलं नव्हतं. सोयगावचा एक अबोल ग्रंथपाल रत्नमालाला शोभला असता. त्याचा फोटो त्यांनी दुसऱ्यांना दाखवला. इथे पाठवले ते दोन्ही बिजवर, त्यातला एक तर कडुबांच्या बरोबरीचा. हे कडुबांनी सांगितलं नव्हतं. ते सुलेखाताईंनी स्वतःच ठरवलं होतं.

"तुमच्या मनानं?" कडुबांचा आवाज आधी बारीक होता. मग तो चढत गेला. "तुमच्या मनानं लिहिता व्हय? आमची पोर काय वाटंवर पडली का? लॅब सांभाळती ती! डागदर तिला इचारल्याबिगर कागदावर सही करीत नाय! लोकाच्या लेकीबाळीचं असं लिहिताना लाज वाटली नाय तुमाला?"

"अवं, हळू," केसरबाई म्हणाल्या. "पाव्हण्या हायेत त्या."

"हळू कशाला? ऐकू द्या गल्लीला!"

सुलेखाताई मान खाली घालून ऐकत राहिल्या. शब्द चुकीच्या माणसाच्या तोंडी होते, तरी ते यायचे होते तिथेच येत होते.

कडुबा बोलून दमले आणि ओसरीवर जाऊन बसले. रत्नमालाने चहा आणला. ताईंनी तो कसाबसा संपवला. हात धुवायला त्या मागच्या मोरीवर गेल्या, तेव्हा ती तांब्या घेऊन पाठोपाठ आली.

"ताई," पाणी ओतता ओतता ती हळूच म्हणाली, "तुम्ही 'चालेल' म्हणता. 'चालंल' तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाय मी."

सुलेखाताईंचे हात पाण्याखाली तसेच राहिले.

"मला काल वाचतानाच दादांचा आवाज ऐकू आला. तुम्हाला बोलावलं, म्हटलं तुमच्याम्होरं तरी ते कबूल करतील." तिने तांब्या खाली ठेवला. "पण दादा आज जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी इतकं मोठ्यानं बोलले. राहू द्या आता. त्यांना कळू देऊ नका, मला कळलंय म्हणून."

"रत्नमाला, तुला पाठवली ती स्थळं..."

"बघितली मी," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला. "ती दादांनी नव्हती निवडली."

तिने टॉवेल पुढे केला. तिच्याकडे पाहायचं धाडस सुलेखाताईंना झालं नाही. त्यांनी त्या कोडाच्या हातातून टॉवेल घेतला आणि कितीतरी वेळ हात पुसत राहिल्या.

निघताना कडुबांनी मोटारसायकल काढली. "सोडतो स्टँडवर," एवढंच म्हणाले. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी किल्ली खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली.

"ताई, लई बोललो तुमाला."

"बोलायलाच हवं होतं."

"तुमी माझी लाज राखली." त्यांनी आसपास पाहून आवाज उतरवला. "पोरीला काय कळलं नाय ना?"

संभाजीनगरची गाडी लागत होती. माणसं दाराकडे धावली.

"नाही," सुलेखाताई म्हणाल्या. "काही कळलं नाही."

कडुबांनी मान हलवली. मग गर्दीतून वाट काढत ते पुढे गेले आणि टाचा उंचावून, डोक्यावरची टोपी खिडकीतून आत एका सीटवर टाकून त्यांनी ताईंसाठी जागा धरली. गाडी भरली, तरी त्या टोपीला कोणी हात लावला नाही. सुलेखाताईंनी ती उचलून मांडीवर घेतली. घामाने काठ मऊ पडलेली ती टोपी त्यांनी खिडकीतून खाली दिली, तेव्हा कडुबा उघड्या डोक्याने, शाळेतल्या पोरासारखे, हात वर करून उभे होते.

"स्थळ असलं तर कळवा," ते म्हणाले. गाडी हलली, तसे चार पावलं तिच्यासोबत चालत आले. "चांगलं असलं तरच."