मंगळावरचे कालवे खोडले तो शुक्रवार

मित्रांनो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी भोपळा वाटतो. लाल, गोल, दोन्ही टोकांना पांढरा. पण मी भोपळा नाही, कागदाचा मंगळ आहे. माझं वय नऊ वर्षं. कागदाच्या वस्तूला नऊ वर्षं म्हणजे म्हातारपणच. मला घडवणाऱ्या माणसाविषयी तुम्हाला सांगावं, असं पुष्कळ दिवस मनात होतं.

त्यांचं नाव केसरीनाथ. गाव दिघाशी, नोकरी आणि बिऱ्हाड भिवंडीत. एका यंत्रमाग कारखान्यात ते बिघडलेले लूम दुरुस्त करत. शाळा सातवीपर्यंतच झाली होती, पण वाचनाचं वेड दांडगं. तीनबत्ती नाक्याजवळच्या रद्दीवाल्या चाचांकडून ते पुस्तकं किलोवर आणत. सत्तर साली त्यांच्या हाती एक पुठ्ठा फाटलेलं, जुनं मराठी पुस्तक लागलं. त्यात लिहिलं होतं, की दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेघा दिसतात. ते कालवे असावेत. मंगळ कोरडा पडत चालला आहे, म्हणून तिथल्या लोकांनी ध्रुवावरचं बर्फाचं पाणी कालव्यांनी शेतांपर्यंत नेलं असावं.

केसरीनाथांनी ते पान इतक्या वेळा वाचलं, की ते पुस्तकातून सुटून आलं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी आई कोसभर चालत जायची, हे पाहत ते वाढले होते. असा एक ग्रह आहे, जिथे लोकांनी पाणीच घरापर्यंत आणलं, ही गोष्ट त्यांच्या काळजात जाऊन बसली.

मग मी घडलो. रद्दी भिजवून, मेथी घालून हौसावहिनींनी उखळात कुटली. हौसावहिनी म्हणजे केसरीनाथांची पत्नी. "या उखळात आता मिरची कुटली तं रद्दीच निंगंल," असं त्या म्हणाल्या, पण कुटायच्या थांबल्या नाहीत. गोल मडक्यावर लगद्याचे थर चढवले आणि सुकल्यावर आतलं मडकं फोडून काढलं. चिकटवायला कारखान्यातली सुताला लावायची खळ वापरली. अंगाला गेरू, दोन्ही टोकांना चुना, आणि कालव्यांसाठी निळं सूत. एकेक धागा ताणून चिकटवायला केसरीनाथांना महिना लागला. पोटातून लोखंडी सळई आरपार घातली आणि मला थोडा तिरका बसवला, कारण मंगळ आपल्या पृथ्वीसारखाच तिरका फिरतो.

कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असे. दर शुक्रवारी टोपलीत गवत घालून ते मला सायकलच्या कॅरिअरवर बांधत आणि गावोगाव नेत. कधी शाळेत, कधी पारावर. लोक त्यांना 'मंगळ्या' म्हणू लागले. ते नावसुद्धा त्यांना आवडे. "तिकडचा दिवस आपल्यापेक्षा फकस्त अर्ध्या तासानं आनि थोड्या मिंटांनी मोठा हाय," ते सांगत. "उन्हाळा हाय, हिवाळा हाय. मानसानं तिकडं एक दिस जायाला पायजे. जाऊन ऱ्हायाला पायजे."

सगळ्यांत मन लावून ऐकणारी होती दिघाशीची गुणाबाई. वय साठीच्या घरात, मातीकामात हयात गेलेली. बाकीचे विचारत, तिकडे देव आहे का, बायका कशा दिसतात. गुणाबाई विचारी, "कालवा किती खोल खनलाय? दगड लागला तं काय करत असतील?" केसरीनाथांना यातलं काही ठाऊक नसे. पण प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उजळून जाई.

बहात्तर साली पाऊस दगा देऊन गेला. पुढच्या हिवाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढायचं सरकारी काम निघालं. गुणाबाई तिथे चाळीस बायकांच्या टोळीत पुढे असे. कोणी दमून बसली, की ती म्हणे, "मंगळावरच्या लोकांनी अख्ख्या दुनियेला पुरंल एवढं खनलं, आनि आपल्याला एक तळं जड झालं व्हय?" बायका हसत आणि पुन्हा घमेली उचलत. ही गोष्ट कानावर आली त्या दिवशी केसरीनाथांनी माझ्यावरची धूळ दोनदा पुसली.

आणि त्याच महिन्यात घात झाला.

एका शुक्रवारी रद्दीवाल्या चाचांनी केसरीनाथांना हाक मारली. "केसरीभाई, आपके मंगल का फोटू आया है. एक बरस पुराना परचा है, पर आपके लिए अलग रखा." ते इंग्रजी मासिक होतं. केसरीनाथांनी ते तसंच शेलार गावच्या चांगदेव गुरुजींकडे नेलं. गुरुजी विज्ञान शिकवत. स्पष्ट बोलणारा माणूस. मी टोपलीतून सगळं ऐकत होतो.

गुरुजींनी वाचून मराठीत सांगितलं. अमेरिकेचं एक यान मंगळाभोवती फिरतं आहे. ते पोचलं तेव्हा साऱ्या ग्रहावर धुळीचं वादळ होतं. वादळ निवळल्यावर त्याने हजारो फोटो काढले. प्रचंड पर्वत दिसले, प्रचंड दरी दिसली, आटलेल्या नद्यांच्या वाटा दिसल्या.

"आनि कालवं?" केसरीनाथांनी विचारलं.

"कालवे नाहीत."

"नीट बघा गुरुजी."

"नीटच बघतोय. लांबून पाहताना डोळ्यांनी ठिपके जोडले आणि रेघा केल्या. भास होता तो. तिथे कोणी राहत असल्याची एकही खूण नाही."

केसरीनाथांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदाही विचारला. मग मासिक गुंडाळून ते सायकल हातात धरून चालत घरी आले. सायकलवर बसले नाहीत.

पुढचे दोन शुक्रवार मी कोनाड्यात होतो. केसरीनाथ भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बाहेरून कोणी 'मंगळ्या' म्हणून हाक मारली तरी ओ देत नसत. तिसऱ्या शुक्रवारी हौसावहिनींनी मला खाली काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"त्या बायांना मी काय सांगू?" ते म्हणाले. "माझ्या सांगन्यावर खनत्यात त्या. आनि सगळं खोटं निंगालं."

"खोटं तुम्ही मुद्दाम सांगितलं न्हाय," हौसावहिनी म्हणाल्या. "पन आता गप बसलाव तं ते मुद्दाम होईल."

ते उठले. तोंड धुतलं. मला टोपलीत ठेवलं.

वाटेत शेलारला त्यांनी गुरुजींना आपला बेत सांगितला, आणि गुरुजींनी रजा टाकून आपली सायकल काढली. आम्ही तलावावर पोचलो तेव्हा दुपारची भाकर चालू होती. बायका बांधाच्या सावलीत बसल्या होत्या. केसरीनाथांनी मला उलट्या घमेल्यावर ठेवलं. एरवी ते बोलू लागले की थांबत नसत. त्या दिवशी त्यांनी मोजकंच सांगितलं.

"तीन वर्सं मी तुमाला सांगितलं, मंगळावर कालवं हाईत," ते म्हणाले. "ते न्हाईत. फोटो आलेत. मी चुकलो."

असं म्हणून त्यांनी निळ्या धाग्याचं एक टोक नखाने उचललं आणि ओढलं. खळ सुकून घट्ट झाली होती. धाग्याबरोबर माझा गेरू निघाला. मग दुसरा धागा, मग तिसरा. मित्रांनो, मला दुखलं नाही. कोणी हसलं नाही. एका बाईने हातातली भाकर खाली ठेवली. सगळे धागे निघाले तेव्हा माझ्या अंगावर फिकट ओरखडे उरले आणि घमेल्याभोवती निळ्या सुताचा गुंता पडला.

गुणाबाई जवळ आली. तिने मला हाताने फिरवून पाहिलं.

"म्हंजे कोनीच खनलं न्हाय?"

"कोनीच न्हाय, मावशे. तिकडं कोनी न्हायच."

"पानी तरी हाय का?"

"टोकाला बर्फ हाय. आनि जुन्या नद्यांच्या सुक्या वाटा दिसल्यात. कवातरी पानी वाहत व्हतं, आता न्हाय."

गुणाबाईने माझ्यावरच्या एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मंग तिकडचं काम बाकीच हाय की."

केसरीनाथांनी मान वर केली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

गुरुजींना मात्र राहवलं नाही. "गुणाबाई, इथल्या विहिरीला पाणी नाही आणि तुम्ही मंगळावर खणायला निघालात. त्या यानांवर जो पैसा जातो, त्यात किती तलाव झाले असते?"

"खरं हाय गुरुजी," केसरीनाथ म्हणाले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "पयलं हेच तळं. ते सोडून कोनी जावं, असं मी म्हनत न्हाय. पन माझं आजोळ खाडीकाठी. तिकडं आमच्या म्हाताऱ्यांनी खाऱ्या चिखलात बांध घातलं तवा लोकं हसलीच असतील. खाऱ्यात भात पिकंल का म्हून. चार-पाच पावसाळं त्यांनी मीठ धुवून काढलं, तवा शेत झालं. आज आपन तो भात खातो. माझा मंगळ तशीच खारी जमीन हाय. तिकडं ऱ्हायाचं म्हंजे थेंब न थेंब पुन्हा वापरावा लागंल, वारासुदा डब्यात भरून न्यावा लागंल. ती विद्या जो शिकंल, तो पयली आपल्याच गावात वापरंल. आनि आज कोनी शिकायला बसलाच न्हाय, तं शंभर वर्सांनी जानार कोन?"

गुरुजींनी माझ्यावरची गेरूची पूड फुंकून काढली. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी आमच्या शाळेत या. हेच बोला. चुकल्याचंसुद्धा बोला."

मुकादमाने शिट्टी दिली. गुणाबाईने निळ्या सुताचा गुंता उचलून कमरेला खोचला. गोधडीला होईल म्हणाली. मग घमेलं मागितलं. मी अजून त्याच्यावरच बसलो होतो.

त्यानंतरची वर्षं माझ्या वैभवाची. केसरीनाथांनी लगद्याचा गोळा थापून माझ्यावर मंगळाचा सगळ्यांत उंच पर्वत उभा केला आणि चाकूने दरी कोरली. जिथे जात तिथे ते आधी ओरखडे दाखवत आणि कालव्यांची गोष्ट सांगत, मग पुढचं बोलत. शहात्तरच्या जुलैत एक यान खुद्द मंगळावर उतरलं. फोटोत नुसते दगड होते. झाड नाही, जनावर नाही. चहाच्या टपरीवर कोणी टोमणा मारला, "काय मंगळ्या, रिकामाच निघाला की तुझा मंगळ." केसरीनाथ शांतपणे म्हणाले, "रिकामा हाय म्हून तं कोनाची जमीन न हिसकावता ऱ्हाता येल." आणि तिथली माती खरंच गेरूच्या रंगाची आहे, हे वाचलं त्या दिवशी त्यांनी हौसावहिनींना जिलेबी आणली.

मग वाईट दिवस आले. दुसऱ्या वर्षीच्या पावसात घराचं कौल फुटलं आणि माझी एक बाजू भिजून खाली बसली. केसरीनाथांची तेव्हा रात्रीची ड्युटी होती, वेळ मिळेना. वर्षभर मी पोत्याखाली पडून होतो. झुरळांनी माझं दक्षिण टोक कुरतडलं. एका शुक्रवारी गुरुजीच घरी आले, म्हणाले, मंगळ शाळेला द्या. दोघांनी ओट्यावर बसून मला दुरुस्त केलं.

"केसरीनाथ," गुरुजींनी चुना लावता लावता विचारलं, "उद्या आणखी फोटो आले आणि हेही चुकीचं ठरलं तर?"

"तं खरडून काढू," केसरीनाथ म्हणाले. "गेरू हाय की डब्यात."

आता मी शाळेत आहे. माझ्या जन्मदात्यांना मंगळावर जायला मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते अजूनही अधूनमधून शुक्रवारी येतात आणि तुमच्यातल्या कोणालातरी तिथली थंडी किती, वारा किती, हे समजावून सांगतात. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला पाण्यापासून, झुरळांपासून जपा. पण मला आहे तसाच जपू नका. नवं काही कळलं, की चाकू घ्या, गेरू घ्या आणि मला बदला. आणि तुमच्यापैकी कोणी कधी तिथे जाऊन पोचलाच, तर माझ्यात काय काय चुकलं होतं ते तिथून कळवा.